कायमचे बंद

फणसवाडीतल्या एका चाळीच्या तळमजल्यावरचे मालनताई गवसांचे पोळीभाजी केंद्र एका मंगळवारी कायमचे बंद झाले. मालनताई सोडून सगळ्यांना ते कळले. त्या तेव्हा सत्तराव्या पोळीला तेल लावत होत्या.

फोनवरच्या नकाशात तसे आले होते. चर्नी रोडहून चालत आलेले एक गृहस्थ दारात थांबले, फोन पाहिला आणि वळले. ताईंनी हाक मारून दुकान चालू असल्याचे सांगितले.

"तुम्ही म्हणताय ते खरं असेल हो," गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "पण इथे बंद दाखवतंय."

भाची अक्षदाने कंपनीकडे तक्रार केली. कंपनीच्या यंत्राने तत्परतेने कळवले, की दुकान चालू असल्याच्या पुराव्यादाखल गिऱ्हाइकांचे पाच ताजे अभिप्राय जोडावेत. बंद दुकानाला अभिप्राय देण्याची सोय मात्र नव्हती. ताई मग सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी सगळे शांतपणे ऐकले, स्वतःच्या फोनवर खात्री करून घेतली आणि बंद दुकानाचा परवाना जमा करण्याची नोटीस त्यांच्या हाती दिली.

आता चाळ खवळली. समितीचे अध्यक्ष गणपतराव पंधरा वर्षे ताईंच्याच पोळ्यांवर पोसलेले. ते सभेत पाऊण तास बोलले. कंपन्यांच्या हाती एवढी सत्ता नको, त्यांना कायद्याची वेसण हवी, असा ठराव त्यांनी मांडला. मतदान सोयीसाठी त्याच कंपनीच्या फॉर्मवर ठेवले होते. सर्वांनी 'अटी मान्य' दाबून कंपनीचा निषेध नोंदवला.

"अटी वाचल्या कोणी?" ताईंनी विचारले.

सभा चहाकडे वळली.

अखेर अक्षदाने नवेच नाव नोंदवले, 'मालन्स किचन'. नकाशावर 'नुकतेच सुरू' झळकले आणि दुपारपर्यंत फोनवर मागण्यांची रीघ लागली. कचेरीतल्या साहेबांनीसुद्धा दोन डबे मागवले. तवा तोच, हात तेच. जुन्या नावाची एकतीस वर्षे मात्र पुसली गेली. ताईंना हसावे की रडावे कळेना, म्हणून त्या लाटत राहिल्या.

संध्याकाळी पहिला अभिप्राय आला. अक्षदाने अडखळत वाचला, "ठीक आहे. पण आधी इथे मालनताई असायच्या, त्यांच्या हाताची सर नाही. दोन तारे."

खाली नाव गणपतरावांचे होते. जिना उतरायचा त्रास नको म्हणून त्यांनी डबा घरीच मागवला होता.

ताई जाब विचारायला पदर खोचून निघाल्या, पण तोवर एकेचाळीस जणांनी अंगठा दाबून त्या अभिप्रायाला दुजोरा दिला होता. त्यांतल्या कुणीही ताईंची पोळी कधी खाल्ली नव्हती. तुम्हीही जरा आठवून पाहा, परवा अंगठा कुठे दाबला होता?