मोघ्यांनी मोजलेली नाकं

आर्यन आणि मीरा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, व्हॉट आर दोज लाइन्स ऑन द किचन डोअर?" पुढच्या आठवड्यात रंगारी येतोय, म्हणून आत्ताच लिहिते.

त्या रेघा मोघ्यांच्या. शारजातल्या आमच्या या बिल्डिंगमध्ये ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. एका सकाळी टेप घेऊन दारात उभे. "वहिनी, जरा ताठ उभ्या राहा. तुमचं नाक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचंय." मी राहिले, आणि त्यांनी किचनच्या चौकटीवर रेघ मारली. इतक्या गंभीरपणे कोणी सांगितलं की माणूस उभा राहतो.

दोन हजार आठच्या मंदीनंतरचे दिवस. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या आणि मोघ्यांची कंपनी खलास. बायको आणि चार वर्षांची सई नाशिकला गेल्या होत्या. दुबईच्या रास अल खोर भागातल्या एका ऑफिसाने मोघ्यांना सांगितलं होतं, धूर कुठवर पसरतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर शिका, नमुन्याचा रिपोर्ट आणा, मग नोकरीचं बघू. मुदत तीन आठवडे. जमलं नाही तर व्हिसा संपणार आणि मोघेही नाशिकला.

शिकायला ओळखीचं धुराडं हवं, म्हणून त्यांनी आमच्या किचनचा एक्झॉस्ट फॅन निवडला. धूर कुठून निघतो, वारा कसा आहे आणि कोणाच्या नाकापर्यंत पोचतो, हे त्या सॉफ्टवेअरला सांगावं लागे. त्या नाकाला ते रिसेप्टर म्हणत. "आज फोडणी कितीला?" असं रोज विचारून जायचे.

शेवटी तुमचे आजोबा म्हणाले, "मोघे, हे आमचं जेवण आहे, तुमचा प्रोजेक्ट नाही."

"साहेब, तुम्ही रिसेप्टर नंबर टू आहात," मोघे म्हणाले.

एका शुक्रवारी मी सुके बोंबील भाजले. मोघ्यांच्या स्क्रीनवर वासाचा रंगीत पट्टा थेट खाडीकडे निघाला. "बिल्डिंगमध्ये कोणालाही त्रास नाही," त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात मागच्या बाजूच्या, मूळच्या रत्नागिरीच्या हमीदाभाभी दारात. "सकाळपासून नुसता बोंबील हुंगतेय. प्लेट कधी येणार?"

मोघ्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी चूक सापडली. वारा कुठे चाललाय ते त्यांनी भरलं होतं. सॉफ्टवेअर विचारत होतं, आला कुठून. सगळा धूर उलटा गेला होता. तेव्हापासून गुड मॉर्निंगऐवजी ते "वारा आला कुठून?" असंच विचारू लागले.

रिपोर्ट द्यायच्या आदल्या दिवशी ते आम्हाला दाखवायला आले, तेव्हा मला चौकटीवर तिसरी रेघ दिसली. माझ्या आणि आजोबांच्या रेघेच्या बरीच खाली. इतक्या खाली आमच्या घरात कोणाचंच नाक नव्हतं.

"ही कोणाची?"

"सईची. तिच्या आईने नाशिकहून मोजून फोनवर सांगितली." ते टेप गुंडाळत राहिले. "सगळे हिशेबात मोठ्या माणसाचं नाक धरतात, वहिनी. तिला दमा आहे. नोकरी लागलीच, तर घर कुठे घ्यायचं ते बघून ठेवतोय."

रिपोर्टच्या मागे आणखी काही पानं होती. शारजाच्या औद्योगिक क्षेत्राच्या आसपासच्या बारा बिल्डिंगा, कारखान्यांचा धूर किती पोचतो ते सगळीकडे त्या रेघेच्या उंचीवर तपासलेलं. आमची नापास होती.

नोकरी लागली. मोघ्यांनी समुद्राच्या बाजूला, वारा जिकडून येतो तिकडे घर घेतलं आणि हिवाळ्यात सई आली. आमच्याकडे ती एकदाच जेवली, आणि तेही वारा समुद्राकडून आहे ना ते बघून, किचनची खिडकी उघडी ठेवून.

रंगाऱ्याला मी सांगितलंय, ही चौकट सोडून रंगव. तिन्ही रेघा अजून आहेत.