पकडला जाणारा जादूगार

आमच्या चाळीत एक जादूगार राहतो आणि तो प्रत्येक खेळात पकडला जातो. एकदा-दोनदा नव्हे, प्रत्येक खेळात. आमच्या नांदे गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे, कारण शेंबड्या पोरांनीच त्याला पकडलेलं आहे.

दामू त्याचं नाव. दारावरची पाटी मात्र ‘प्रोफेसर दामोदर, लहान मुलांचे जादूगार’ अशी. मी चौथी शिकलो, तो सातवी. सातवीवर प्रोफेसर होता येतं हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर मीही आणखी तीन वर्षं काढली असती.

आठ वर्षांपूर्वी फलटणकडून आला, एकटाच. खोलीत एक पत्र्याची पेटी आणि एक उभा आरसा. त्याच्याकडे कुणी येत नाही, तो कुणाकडे जात नाही. उजव्या हाताला तो काम म्हणून सांगत नाही. पाणी भरायचं डाव्यानं, झाडू मारायचा डाव्यानं. उजव्याला खोबरेल तेल चोळतो आणि वर पायमोजा घालतो. आमच्या मंडळींनी एकदा विचारलं, “हाताला लागलंय का काय, भावजी?”

“न्हाई वैनी. निजलाय त्यो.”

एवढे लाड केलेला हात. आणि खेळात काय? लाल चेंडू मुठीत घेणार, फुंकर मारणार, मूठ उघडणार, चेंडू गायब. पोरं आ वासून बसलेली. तेवढ्यात कुठून तरी बारीक आवाज येतो, “बाहीत हाय! बाहीत हाय!” आणि असतो तो बाहीतच. मग दामू विंचू चावल्यासारखं तोंड करतो आणि म्हणतो, “आजवर कुणालाच दिसलं न्हाई. तुला कसं दिसलं?” हे ‘आजवर’ मी शेजारच्या भरे गावच्या शाळेत ऐकलं, चांदे गावात एका वाढदिवसाला ऐकलं, आमच्या गणपतीत तर लागोपाठ दोन वर्षं ऐकलं.

मला लाज वाटायची. भाडेकरू कुणाचा? माझा.

एकदा सकाळी त्याच्या खिडकीशी उभा राहिलो. दामू आरशासमोर चेंडू घेऊन. आता माझे डोळे काही चौथीपर्यंतचे नाहीत. कुणाच्या म्हशीनं कुणाच्या रानात तोंड घातलं, हे मी ओट्यावर बसून सांगतो. तो चेंडू सात वेळा गेला. जाताना एकदाही दिसला नाही.

“मग पोरांफुडं काय हुतं रं तुला?”

“पोरांची नजर लई बारीक असती, तात्या.”

“आन् माजी?”

“तुमची मोठ्या माणसाची हाय.”

हे कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही. कौतुकच असणार.

गावात हल्ली त्याला कुणी बोलवत नाही. त्याचं पोट आहे ते समोरच्या सोसायटीवर. ती सोसायटी माझ्या भाताच्या खाचरांवर उभी आहे, म्हणून तिथल्या कार्यक्रमात मला पुढची खुर्ची असते. नसली तर मी मागून उचलून आणतो. तिथल्या सेक्रेटरींनी मला गेटावर गाठलं.

“काका, तुमच्या मॅजिशियनचं काय करायचं? दर वेळी पकडला जातो. लोक हसतात. रविवारी शेवटचा चान्स. परत तसंच झालं तर आम्ही हिंजवडीचा माणूस ठरवतो, कायमचा.”

“रविवारी पकडला जायचा न्हाई,” मी म्हणालो. “माजा शब्द हाय.”

शब्द दिला आणि मग घरी बसून विचार केला. दामू सापडतो कुठं? बाहीत. मग बाहीच नको. त्याचा काळा कोट उचलला, पिरंगुटला शिंप्याकडे नेला आणि दोन्ही बाह्या कोपराशी उडवून आणल्या. दामूनं कोट घालून बघितला. उन्हाळ्यासाठी शिवलेला वकील दिसत होता.

“तात्या, ह्ये काय केलं?”

“आता कुटं सापडशील? तुजं पोट हाय त्येच्यावर, आन् माजा शब्द. ध्यानात ठेव.”

“ठेवतो,” म्हणाला आणि उघडी कोपरं चोळत आत गेला.

रविवारी क्लबहाऊसमध्ये तीस-चाळीस पोरं. दामूनं रुमाल पेटवून परत अख्खा केला, रिकाम्या डब्यातून फुलं काढली. एकही चूक नाही. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली, जरा जास्तच.

भिंतीला चिकटून एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. परभणीकडची माणसं, महिन्याभरापूर्वी राहायला आलेली. आई तिला पुढं ढकलत होती, “जा ना बाळा, बस ना त्यांच्यात.” ती हलेना. पुढं बसलेला एक पोरगा म्हणाला, “आंटी, ती बोलतच नाही. आम्ही खूप वेळा विचारलं.”

दामूनं तिकडं एकदा बघितलं.

मग लाल चेंडू काढला. मूठ, फुंकर, गायब. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, मला दिसला नाही. कुणालाच दिसला नाही. टाळ्या सुरू झाल्या, मी खुर्चीत ताठ झालो. तेवढ्यात दामू भिंतीच्या बाजूला वळला आणि डोकं खाजवायला म्हणून उजवा हात वर केला. सावकाश. गाडीला रस्ता द्यावा तसा.

“काखंत!” भिंतीकडून आवाज आला. “त्याच्या काखंत हाय! मला दिसला!”

दामूला विंचू चावला. “आजवर कुणालाच दिसलं न्हाई,” तो म्हणाला. “तुला कसं दिसलं गं?”

सगळी पोरं तिच्याकडे पळाली.

“काका,” सेक्रेटरी म्हणाले.

“व्हय,” मी म्हणालो. “पकडला गेला.”

मी उठलो ते दामूला चार शब्द सुनवायलाच. तो पाठमोरा बसून पेटी भरत होता. तिकडं पोरं विचारत होती, “कसं दिसलं? दाखव ना!” आणि ती मुलगी दाखवत होती, “त्यानं असं केलं का, मग इकडून असं घातलं, मग म्हणला खाजवतंय, पण खाजवत नव्हतंच!” बोलायची थांबत नव्हती. दामूनं रुमालाची घडी घातली. उलगडली. परत घातली.

“दामू, चल ऊठ. झालं तुजं हितलं.”

त्यानं मान वळवली नाही. उजवा हात तेवढा वर केला.

“थांबा जरा, तात्या. ती सांगतीया.”

मागून सेक्रेटरी काहीतरी बोलायला आले. मी त्यांनाही हात करून थांबवलं आणि खुर्ची ओढून बसलो.