लांजेवारताईंचा जपानी भूप

लांजेवारताई गाणं एकदम सुरू करत नाहीत, आधी ते जाहीर करतात. दोन्ही हात मागे बांधून, मान किंचित वर करून, समोर माइक असो वा नसो, "यात्रीगण कृपया ध्यान दें" म्हणतात. मग गाणं कुठून आलं आहे आणि किती मिनिटं थांबणार आहे ते सांगतात. आणि मग घसा खाकरून थेट जपानीत गातात.

यातल्या पहिल्या भागाला कारण आहे. रायपूरच्या स्टेशनावर त्यांनी सव्वीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या. पुढे कॉम्प्युटरचा आवाज आला आणि ताईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं गेलं. त्या कॉम्प्युटरमधल्या बाईचा विषय निघाला की ताई म्हणतात, "तिचं बरं हाये, तिले खोकला होत नाही. पण गाडी चार तास लेट हाये हे सांगताना तिच्या जिवाले काही वाटते काय?"

जपानी मात्र त्यांना रेल्वेने शिकवलं नाही. निवृत्तीनंतर एका दुपारी टीव्हीवर जपानी कार्टून-सिनेमा लागला होता. एक पोट्टी, एक म्हातारं कासव आणि दिवा विझलेलं दीपगृह, इतकीच गोष्ट ताईंना आठवते. संवाद सगळे हिंदीत केलेले. कासव तर अगदी वकिलासारखं शुद्ध बोलत होतं. गाणी तेवढी जशीच्या तशी ठेवलेली. "कोण्या शहाण्याले सुचलं का गाण्याले हात लावू नये म्हणून, त्याचं भलं होवो," ताई सांगतात. "ते पोट्टी गाऊ लागली अन् माझ्या हातातला कुकर हातातच राहिला."

तेव्हापासून त्यांनी असले सिनेमे शोधून शोधून पाहिले आणि अकरा गाणी एका जुन्या डायरीत देवनागरीत उतरवून घेतली. गुढियारीतल्या त्यांच्या घरी ती डायरी पाहायचा मान मला दोनदा मिळाला. मी आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक समितीवर आहे. नव्या रायपुरातल्या कचेरीतून दमून आलेला माणूस नकार द्यायला विसरला की ही पदं मिळतात.

जपानी भाषा मराठी माणसासाठीच बनवली आहे, असं ताईंचं मत आहे. "पाहा न मॅडम, का-की-कु, ना-नी-नु. सरळ बाराखडी हाये. जोडाक्षराची कटकट नाही. इंग्रजी शिकाले आपण उगाच इतके वर्षं घालवले." दुसरं मत त्याहून धाडसी होतं. दीपगृहाचं गाणं म्हणजे शुद्ध भूप. मी संशयाने ऐकलं. लहानपणी तीन वर्षं गाणं शिकून मी ते सोडलं आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका मला पटकन कळतात. पण भूपाला वर्ज्य तो मध्यम नव्हता, निषादही नव्हता. मला जरा वाईटच वाटलं. असे दावे खोटे निघाले की बरं असतं, पुढे काही करावं लागत नाही.

"हा भूप तिकडे कोणी नेला?" मी विचारलं.

"ते मले काय माहीत? मी घोषणा करणारी बाई. गाडी आली एवढंच सांगते."

एका हळदीकुंकवाला त्यांनी हे गाणं म्हटलं तेव्हा घोषणा करायला नेमकी सवड मिळाली नाही. बायकांना ते तेलुगू भजन वाटलं. आमच्या शहरात तेलुगू कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यामुळे हे नैसर्गिकच होतं. सगळ्यांनी डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरला, दोघींनी शेवटी नमस्कार केला. ताईंच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, तेलुगू राव आंटींनी मात्र बराच वेळ कान देऊन सांगितलं, "हमारा नहीं है दीदी. शायद कन्नड़ होगा." देव कोणता, असं कोणीतरी विचारलं. "कासव," ताई म्हणाल्या. विष्णूचाच अवतार म्हणून तेही खपून गेलं.

खपलं नाही ते आमच्या मंडळात. गणेशोत्सवाच्या सुगम संगीत संध्येत हे गाणं मंचावरून म्हणायचं, एवढा एकच हट्ट ताईंनी धरला होता. सलग दोन वर्षं त्यांचा अर्ज परत आला. अर्जात चार प्रकार छापलेले होते: भक्तिगीत, भावगीत, नाट्यगीत, लोकगीत. ताईंनी दोन्ही वेळा लोकगीतावर खूण केली होती. अध्यक्ष बोंद्रेसाहेबांनी हरकत घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून? जपानले लोक नाही राहत काय?"

बोंद्रेसाहेबांचं लाडकं वाक्य आहे, "मंचाची एक गरिमा असते." ती गरिमा सांभाळण्यासाठी दर वर्षी पाहुण्यांचं स्वागत, स्वागताचं स्वागत आणि आभार यांत पाऊण तास जातो. यंदा ताईंनी तिसऱ्यांदा अर्ज दिला आणि 'गायक संख्या' या रकान्यात 'दोन' लिहिलं. दुसरं कोण, हे विचारायला आणि एकूण प्रकरण गोडीत मिटवायला साहेब स्वतः गुढियारीला गेले. मलाही बरोबर नेलं.

"दुसरा घरचाच हाये," ताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ओसरीवर ताईंचे यजमान, लांजेवारकाका बसले होते. मालगाडीचे ड्रायव्हर होते ते. चार वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. राहिला तो एक शब्द. बोंद्रेसाहेबांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, तुम्हीच समजवा ताईंना. हे शोभत नाही."

"हव," काका म्हणाले.

"म्हणजे तुम्हालाही पटतं."

"हव."

"मग यंदा अर्ज मागे घ्यायला सांगता?"

"हव."

आतून ताईंचा आवाज आला, "साहेब, त्यांले म्हणा का गाणं होऊ द्यायचं. तरी हवच म्हणतीन."

अर्ज तिसऱ्यांदा नामंजूर झाला. मी विरोध केला का? मी 'विचार व्हावा' असं म्हटलं. समितीत एवढ्याला विरोध समजतात.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी प्रमुख पाहुणे वेळेवर आलेच नाहीत. शहराबाहेर, उरला गावाकडे ट्रक आडवा झाला होता आणि पाहुणे त्याच्यामागे अडकले होते. बोंद्रेसाहेबांचं प्रास्ताविक संपलं, ते त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुष्पगुच्छ माना टाकू लागले. लोक उठून भज्यांच्या स्टॉलकडे निघाले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत ताई पैठणी नेसून बसल्या होत्या. नामंजूर होऊनही तयार होऊन आल्या होत्या. मी साहेबांना न विचारता माइक त्यांच्या हातात दिला.

गाडी उशिरा असताना गर्दी कशी धरून ठेवायची, हे त्या आवाजाला कोणी शिकवायची गरज नव्हती. "यात्रीगण कृपया ध्यान दें," एवढं आलं मात्र आणि भज्यांकडे गेलेली माणसं वळली. मागे कोणीतरी म्हातारा म्हणाला, "अरे, ही तर आपल्या स्टेशनवाली." नुसता हशा आणि टाळ्या. ताईंनी जपानहून येणाऱ्या गाण्याची रीतसर घोषणा केली, पाच मिनिटं थांबेल म्हणाल्या आणि पुढे म्हणाल्या, "एक मिनिट. दुसरा माणूस यायचा हाये."

दोन कार्यकर्त्यांनी लांजेवारकाकांना धरून वर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. बोंद्रेसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हे काय आहे?"

पहिली ओळ ताईंनी एकटीने म्हटली. दुसऱ्या ओळीला काकांनी तोंड उघडलं आणि ते गायले. पुटपुटले नाहीत, गायले. जाडाभरडा, गंजलेला, पण सुरात लागलेला आवाज. एकेक अक्षर सुटं आणि पूर्ण. डावा हात मांडीवर ताल धरत होता. चार वर्षं एका शब्दावर असलेला माणूस अख्खं कडवं म्हणत होता आणि ताई मुद्दाम हळू झाल्या होत्या, त्याला पुढे जाऊ देत होत्या. पहिल्या रांगेत बसलेले एक डॉक्टर उभेच राहिले. मधेच प्रमुख पाहुणे आले. हार घेऊन धावलेल्या कार्यकर्त्याला बोंद्रेसाहेबांनीच हाताने थांबवलं, हे मला नमूद केलं पाहिजे. पाहुणे दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना पहिल्यांदाच कोणी ताटकळत ठेवलं असेल.

पुढे काय झालं, टाळ्या किती वेळ चालल्या, ते सांगत नाही. मंडळाच्या स्मरणिकेत ते येईलच आणि त्यात बोंद्रेसाहेबांचा पुढाकारही येईल.

मंचामागे ताई पदराने काकांच्या ओठाची कड पुसत होत्या. मी भारावून गेले होते आणि भारावलेल्या शिकलेल्या माणसासारखंच बोलले. "ताई, या गाण्याचा अर्थ दोन मिनिटांत सापडेल. काढून देऊ का?"

"नको, मॅडम."

"काहीतरी सुंदरच असेल."

"असन न." त्यांनी काकांचं वरचं बटण लावलं. "मराठी गाणं लावून पाह्यलं मी. जे यांले तीस वर्षांपासून पाठ, तेच. दुसऱ्या ओळीवर अडकतात, मग रडतात. शब्द माहीत असते न, म्हणून. याच्यातलं यांले बी काही समजत नाही अन् मले बी नाही. मग कोण चुकलं, काय चुकलं, काही राहत नाही."

काका कार्यकर्त्यांनी आणून दिलेल्या पाण्याकडे बघत होते. ताईंनी पेला त्यांच्या डाव्या हातात नीट बसवला आणि आपला हात खाली धरून ठेवला.

"रोज सकाळी एक गाणं घेतो आम्ही अन् दिवे लागले का एक," त्या म्हणाल्या. "दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच होते."