हौसामावशीच्या बोक्याची गाठ

हौसामावशी साऱ्या जगाला अरे-तुरे करी आणि अहो-जाहो फक्त आपल्या बोक्याला.

हे ऐकीव सांगत नाही. लोणावळ्याच्या बाजारात तिचे तांदळाचे दुकान होते. तिथे एकदा वडगावचे मामलेदार आले, तेव्हा मी फळीला टेकून उभा होतो. मामलेदारांच्या मागे पट्टेवाला, पायात करकरणारे बूट. मावशीने मापटे तांदळात खुपसले आणि म्हणाली, "ये रे मामलेदारा, बस." बसायच्या पोत्यावर बोका पसरला होता. त्याच्याकडे वळून, आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "आवं, वाईच सरकता का? मामलेदार आलाय."

बोका सरकला नाही. मामलेदार उभे राहिले. मावशीने त्यांना उभ्या उभ्याच आंबेमोहोर दाखवला आणि "घ्याचा तर घे, न्हाईतर वाट मोकळी कर," असेही सुनावले. सरकारी माणसापुढे लोकांनी वाकू नये म्हणून मी त्या दिवसांत पत्रके लिहीत होतो. त्यातले एकही मावशीला देण्याची गरज मला कधी वाटली नाही.

बोका पिवळा होता, एका कानाचा तुकडा कुठल्याशा मारामारीत गेलेला. त्याला नाव नव्हते. "मावशी, याचं नाव काय?" असे कुणी विचारले की ही एवढी दांडगी बाई पदर तोंडाशी नेई. "नाव कशापायी घ्याचं, बाबा?" म्हणे. जेवायच्या वेळी आधी त्याच्यापुढे दूधभात, मग हिचे ताट. बाजार हसे, मीही हसे. मावशी हसणाऱ्याला तांदूळ मोजताना मापट्यावरचा शिगेचा ढीग हाताने सपाट करून दाखवी. दुसऱ्या दिवशी कुणी हसत नसे.

मला ती 'कागदवाल्या' म्हणे. तो मान मला माझ्या पत्रकांमुळे मिळाला होता. त्या साली प्लेग रेल्वेच्या बाजूने गावोगाव सरकत होता आणि आम्ही पाच-सहा जणांनी 'टोचून घ्या' म्हणून पत्रके काढली होती. दवाखान्यात लस होती, टोचायला डॉक्टर होते, फक्त टोचून घ्यायला माणूस येत नव्हता. सुईतूनच सरकार रोग घालते, असे एक व्यापारी सांगत फिरे. एक वैद्यबुवा चूर्ण विकत. या दोघांचा मला तेवढा राग नव्हता. राग होता तो आमच्या शिकलेल्या मंडळींचा. त्यांनी आपल्या घरच्यांना डॉक्टर घरी बोलावून टोचून घेतले आणि बाजारात मात्र "बघू, विचार करू" असे बोलत राहिले. अशांची नावे पत्रकात छापावी असे माझे म्हणणे होते. सोबत्यांनी छापू दिली नाहीत. ते मला अजून पटलेले नाही.

मावशीला मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवले. तिने ते बोट लावून पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाली, "आसंल खरं. पर मला सांग कागदवाल्या, रोज उंदरांशी गाठ कुनाची? तुजी का माजी?"

"कुणाची?"

"ह्यांची. आदी ह्यांना टोचा."

मी हसून निघालो. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या ओट्यावर हजर. डोक्यावर पाटी, पाटीवर पालथी टोपली, टोपलीतून गुरगुर.

डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "बाई, ही लस माणसांची आहे."

"मंग ह्ये काय दगड हाइत?"

गंमत बघायला बाजार लोटला होता. त्यातला स्टेशनवरचा एक हमाल ओरडला, "मावशी, तुजा बोका जगला तर म्या टोचून घेतो!" दुसरा म्हणाला, "म्याबी!" मग पानवाला, मग चार गाडीवान. महिनाभर पत्रके वाटून जे झाले नव्हते ते एका टोपलीने होत होते. मी डॉक्टरांच्या कानाशी लागलो, "साहेब, एक थेंब घाला, आख्खं गाव रांगेला येईल." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि बोक्याच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध, जरा टोचले. बोक्याने त्यांच्या मनगटावर लांब ओरखडा काढला. त्यावर मावशी त्याला समजावत म्हणाली, "आवं, आसूंद्या. शिकतोय बिचारा."

अशा रीतीने लोणावळ्याचे आरोग्य एका बोक्यावर येऊन ठेपले.

आणि दोन-तीन दिवसांनी, भर बाजाराच्या दिवशी, मावशी दुकानाबाहेर रस्त्यात येऊन ओरडली, "गाठ आली रं! त्यांना गाठ आली!"

त्या काळात 'गाठ' म्हणजे काय, हे लहान पोरालाही सांगावे लागत नसे. गाठ म्हणजे प्लेग. कुणाला आली, एवढे विचारायलाही माणूस थांबत नसे. फळ्या धडाधड पडल्या. बैल उलटे जुंपले गेले. भाजीवाल्या पाट्या तशाच टाकून निघाल्या. मी गर्दीत उलटा घुसलो, तर लोकांचे बोलणे कानावर येत होते.

"कुनाला आली?"

"हौसामावशीच्या मालकाला म्हनं."

"तिला मालक हाय कुटं?"

"आता कुटला! गेला आसंल."

"आरं बोका! बोक्याला आलीय!" मी ओरडलो. तसा पानवाला आणखी जोरात पळाला. "मंग तर झालंच! आदी बोका, आता आपुन!"

दुकानात बोका पोत्यावर मुटकुळे करून पडला होता. मावशीने माझा हात धरून त्याच्या मानेमागे ठेवला. केसांखाली सुपारीएवढे काहीतरी टणक लागले.

"तुज्या कागदात काय ल्हिवलंस?"

"टोचल्या जागी सूज येते."

"ही सूज हाय? बोल की! सूज हाय ही?"

मी पत्रकात 'गाठ' हा शब्द मुद्दामच टाळला होता. तो शब्द पाहून माणसे पळतील अशी आमची अटकळ होती. ती खरी ठरलेली मी डोळ्यांनी पाहत होतो. पण मावशीची गोष्ट वेगळी होती. तिला शब्दाची भीती नव्हती, बोटाला लागली त्या गाठीची होती.

मी डॉक्टरांना बोलावून आणले. मनगटावर पट्टी बांधलेल्या त्या भल्या गृहस्थाने बोका नीट तपासला आणि सांगितले, "प्लेगची गाठ जांघेत येते, काखेत येते. ही सुई टोचली तिथेच आहे. लस साचली आहे, जिरून जाईल."

"आन न्हाई जिरली तर?" मावशीने विचारले.

डॉक्टर खरे बोलणारे होते. "मांजराला मी आजवर टोचले नव्हते," ते म्हणाले.

दुपारी एक पट्टेवाला आला. गावाने माळावर झोपड्या घालायला घेतल्या आहेत, मावशीने दुकान सोडून तिकडे जावे, बोक्याला आत कोंडून कुलूप घालावे, असे त्याचे म्हणणे. मावशी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून बोक्याला शेकत होती. तिने मान वर केली नाही.

"न्हाई जायाची."

"मावशी, चार दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मागल्या वक्ताला आसंच म्हनले व्हते." तिने पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली. "टाकवे गावात. आमच्या मालकांना गाठ आली तवा. चौगांनी मला उंबऱ्यावरनं वढत माळावर न्हेलं. आतनं त्यांनी हाक मारली, 'आगं' म्हून. तिकडं चौगांनी भाईरनं दाराला कडी घातली. माजं 'आवं' तोंडातच ऱ्हायलं."

पट्टेवाला जायला तयार नव्हता. त्याला मी जे शब्द वापरले ते इथे छापण्याजोगे नाहीत. तो गेला.

मावशी तिथून हलली नाही. शेक द्यावा, बोट लावून गाठ बघावी, पुन्हा शेक द्यावा. गाव माळावर आणि ही एकटी बंद बाजारात, उघड्या दुकानात. मी येता-जाता डोकावे. तिच्या बोटांना गाठ हरभऱ्याएवढी लागू लागली तेव्हा तिने मला हाक मारून हात लावायला लावला, आणि मग स्वतःचे पहिले जेवण केले.

पुढे एका सकाळी, सामान न्यायला आलेल्या चार माणसांच्या देखत, बोका दुकानाच्या फळीवर उंदीर घेऊन बसला. माणसे मागे सरली. उंदीर आधीच मेलेला होता का बोक्याने मारला, यावर रस्त्यातच वाद पेटला. आधी मेलेला असला तर प्लेग गावात शिरला, गावाचे दिवस भरले. वाद रंगात असताना उंदीर चीं करून ओरडला.

"जिता हाय!" हमाल नाचायला लागला. "आन बोकाबी जिता हाय!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची रांग स्टेशनाच्या रस्त्याला लागली. सगळ्यात पुढे हमाल, कारण मावशी त्याचा कान धरून त्याला घेऊन आली होती. सगळ्यात शेवटी तिने आपला दंड पुढे केला. "हळू रं लेका," डॉक्टरांना म्हणाली, "म्या काय बोका न्हाई."

संध्याकाळी मी तिच्या दुकानाकडे गेलो. फळ्या अर्ध्या लावलेल्या होत्या. मावशी तापाने फणफणली होती, घोंगडी पांघरून पोत्याशी उभी होती आणि दंड चाचपत होती. मी आल्याचे तिच्या ध्यानात आले नाही.

"आवं," ती हळूच म्हणाली, "वाईच सरकता का? मलाबी आली."

बोका उठला आणि सरकला.