गुरुजींच्या मीटरवरची महागाई

मागचा वापर : ८४ युनिट

"काका, लाईट बिल दाखवता का?" दीपमाला दर महिन्याला विचारायची आणि नारायणराव दर महिन्याला इस्त्रीचा सदरा चढवून बिल दाखवायचे. महागाई मोजायच्या सरकारी पाहणीसाठी उमरग्यातली जी मोजकी घरं निवडली होती, त्यात त्यांचं एक. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. घरी येऊन त्यांना काही विचारणारी ती एकटीच उरली होती.

या खेपेला त्यांनीच विचारलं, "ह्या आकड्याचं पुढं काय व्हतं?"

"महागाईचा आकडा निघतो की. त्याच्यावरच तर तुमचा महागाई भत्ता ठरतो," असं म्हणून ती धाराशिवची बस गाठायला पळाली.

नारायणराव खुर्चीतच राहिले. बिल वाढलं की महागाई वाढणार. महागाई वाढली की भत्ता!

संध्याकाळी पारावर अकरा पेन्शनरांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "यंदाचा भत्ता माझ्याकडं लागला."

चालू महिना

"अहो, भर उन्हात हा बल्ब कुणासाठी?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"पेन्शनरांसाठी."

कूलर सकाळपासून घरघरत होता. एप्रिलमध्ये गिझर तापत होता. तरी मीटर पुरेसं पळेना. दोन म्हाताऱ्या माणसांनी लाईट जाळून जाळून जाळायची किती?

मग गल्लीला आवतण गेलं. अयोध्याबाई लग्नघरच्या साड्या घेऊन इस्त्रीला आल्या. रामहरीची सून वर्षाचा मसाला मिक्सरवर काढायला बसली. शरणबसप्पानं आपली बॅटरीची स्कूटर थेट ओसरीत चढवली.

"गुरुजी, चांगल्या कामात आपला बी हातभार!"

"लाव, लाव. लाजू नको."

तीनदा फ्यूज उडाला. चौथ्यांदा नारायणरावांनी स्वतः जाड तार बसवली आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या. प्रेमलाबाई मात्र शेंगदाण्याची वाटी घेऊन शेजारी निघाल्या.

"कुठं निघालीस?"

"चटणी वाटायला. आपल्या मिक्सरला माझा नंबर परवा हाय."

एकूण वापर : ४१२ युनिट

बिल आलं. पाच हजार सहाशे. नारायणरावांनी ते लग्नपत्रिकेसारखं हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवलं. पारावरच्या अकरा जणांनी वाढीव भत्त्यात काय काय घ्यायचं तेही ठरवून टाकलं होतं.

दीपमाला आली. तिनं बिल हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि टॅबवर काहीतरी टिपलं.

"झालं?" नारायणरावांनी खुर्ची पुढं ओढली.

"झालं. दर मागचाच हाय."

"दर? आणि वापर?"

"वापर किती का असंना, काका. आमी ठरलेल्या युनिटांना किती पैसं पडतात तेवढंच बघतो."

"मग महागाई?"

दीपमालानं बिलाकडं पाहिलं, मग ओसरीतल्या स्कूटरकडं. "तुमच्या घरात वाढली, काका. देशात न्हाय."

मिक्सर थांबला. अयोध्याबाईंनी इस्त्री उभी केली. नारायणरावांना पार दिसू लागला, पारावरची अकरा तोंडं दिसू लागली, आणि त्यांनी खाली मान घातली.

शेरा

"वापर एवढा वाढला तर कारण लिवावं लागतं," दीपमाला हळूच म्हणाली. "काय लिवू?"

महिनाभर प्रेमलाबाईंच्या जिभेवर हजार कारणं होती. त्यांनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं.

"लिव, पाव्हणे आलते," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत पयल्यांदाच घर भरलं व्हतं."

दीपमाला लिहू लागली आणि टॅब विझला. तिचा चेहरा पडला. "अगं बाई! सकाळपासून फिरतीय, बॅटरीच संपली. आख्ख्या उमरग्याची महागाई ह्याच्यात हाय. काका, जरा चार्जिंगला लावू का?"

नारायणराव उठले. शरणबसप्पाच्या स्कूटरचा प्लग त्यांनी उपसला, टॅबचा खोचला आणि बटण दाबलं.

"लाव की," ते म्हणाले. "दर मागचाच हाय."