म्हशीचं औषध

या, असे जवळ सरका. लांब बसून नुसत्या माना डोलावू नका. तुमच्या घरात मांजराचं पिल्लू आलंय, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळावं? बरं, आणलं ते आणलं. वाटीत दूध ओतलं, मोबाईलवर फोटो काढून चार जणांना धाडला, की झालं? डॉक्टरला दाखवलं का? जंताचं औषध दिलं का? लस कितव्या आठवड्यात द्यायची, विचारलं का कुणाला? नाही ना. तुम्हाला बोलायचा मला काही हक्क नाही, तो का नाही ते पुढं सांगतेच. पण आधी आमच्या शेजारच्या सोपानतात्यांचं ऐका, आणि मग पिल्लाला काय लावायचं ते लावा.

वरकुट्यात कुणालाही विचारा, सोपानतात्यांचं घर कोणतं. तो सांगेल, ज्या घरातल्या खाटेचे पाय निळे आहेत ते.

त्याचं असं आहे की, डाळिंबाची बाग असली की झाडाच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात. बोर्डो म्हणतात त्याला. रोग खोडात शिरू नये म्हणून. सगळेच लावतात, त्यात नवल नाही. पण तात्या खोडांना लावून उरलेला लेप खाटेच्या पायांना लावायचे. त्यातून उरला तर फाटकाला. त्यातूनही उरला तर दारासमोरच्या विजेच्या खांबाला. वायरमन एकदा दुरुस्तीला आला तो खांबाखाली बराच वेळ नुसताच उभा. शेवटी मला विचारतो, मावशी, हा काय वरनं नवा नियम आलाय का? मी एकदा माहेरून परत आले तर माझं तुळशीवृंदावन गुडघाभर निळं. विचारायला गेले, तर तात्या थंडपणे म्हणाले, "उरलं हुतं वैनी. आन् वाळवी काय सांगून येती व्हय?"

"आलं म्हंजे गेलं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रोग आला म्हणजे बाग गेली, तेव्हा काय करायचं ते आधी करा, असा त्याचा अर्थ. पण तात्या ते सर्दीला म्हणायचे, भिंतीच्या ओलीला म्हणायचे, दूध उतू येताना बघून म्हणायचे. एका लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात आला आणि हे सवयीनं मोठ्यांदा म्हणून गेले. नवरीच्या मामानं त्यांना बाजूला नेऊन सरबत पाजलं आणि जेवणं होईपर्यंत सोडलं नाही.

बागेच्या फाटकाशी त्यांचं एक घमेलं असायचं, जांभळ्या औषधाच्या पाण्याचं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. डाळिंबावरचा तेल्या रोग माणसाच्या पायानं येतो म्हणे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील शेत बघायला आले, पांढरे बूट घालून. तात्यांनी त्यांनाही घमेल्यात उभं केलं. सोयरीक जमली, पण सूनबाई आजही बापाच्या बुटांचं नाव काढते.

तो मुलगा आता पुण्याला असतो. नातू झाला तेव्हा तात्यांच्या मंडळी, कमलबाई, दोन महिन्यांसाठी म्हणून बाळाला सांभाळायला गेल्या. नातू आता शाळेत जातो, त्याच्या पाठीवर नात झाली, कमलबाई तिकडंच आहेत. भांडण नाही, तंटा नाही. गरज आहे म्हणून आहेत. तात्याही एकदा राहायला गेले होते. चौथ्या दिवशी परत. आम्हाला म्हणाले, बागेला पाणी द्यायचं होतं. कमलबाईंनी फोनवर मला खरं काय ते सांगितलं. यांनी फ्लॅटच्या दारात पाय बुडवायला बादली ठेवली होती. सुनेनं नुसती बादली उचलून मोरीत ठेवली. तात्यांनी त्याच दिवशी पिशवी भरली.

तेव्हापासून माणूस एकटा. सकाळी थापलेली भाकरी दुपारी, दुपारची संध्याकाळी. पाच वाजले की आमच्या पायरीवर यायचे, चहा घ्यायचे, आमच्या यांना आणि मला आज कशापासून सावध राहायचं ते सांगायचे आणि जायचे.

मांजर आणलं तेही पुढचा विचार करून. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात. तात्यांच्या बागेत अजून एकही नळी कुरतडलेली नव्हती, पण हे थांबतात कशाला. माझा भाचा लोणी देवकरला कंपनीत आहे, तिथल्या कँटीनमागं मांजर व्यालेली. त्यातलं एक पिल्लू तो तात्यांना देऊन गेला. पांढरं, कानावर पिवळा ठिपका, मुठीएवढं. ठिबकसाठी आणलं म्हणून नावही ठिबकच ठेवलं.

आणि मग तात्यांचं काय झालं म्हणून सांगू. फवारणीच्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला ठिबकचं वेळापत्रक. मांजराचा डॉक्टर आमच्याकडं जवळपास नाही, बारामतीला जळोचीच्या बाजूला एक डॉक्टरीणबाई आहेत. तिसऱ्याच दिवशी पिल्लू मफलरमध्ये बांधून मोटरसायकलवर तिकडं. बाईंनी वजन केलं, जंताचं औषध दिलं, गाईचं दूध बंद करायला सांगितलं. लसीला म्हणाल्या, अजून दोन आठवडे थांबा, आठ आठवड्यांचं होऊ दे.

थांबणं तात्यांना कुठलं जमायला. उंदराचं पुढं बघू, आधी हे जगलं पाहिजे, असं रोज म्हणायचे. मफलर ठिबकची झाली, तात्या भर थंडीत उघड्या कानानं हिंडायला लागले. कमलबाईंना रोज फोनवर ठिबकनं काय खाल्लं ते सांगायचे. कमलबाई मला म्हणाल्या, इतकी वर्षं संसार केला, माझ्या जेवणाची एवढी चौकशी कधी झाली नव्हती. पण हसत होत्या.

एका सकाळी तात्या आले ते तोंड उतरवून. ठिबकच्या अंगावर पिसू दिसली होती. एक. मी गोठ्यात होते, म्हशीच्या धारा चाललेल्या. कोनाड्यात गोचिडाच्या औषधाची बाटली होती, आमच्या म्हशींना लावतो ती. मी म्हटलं, हे घ्या, थेंबभर पाण्यात कालवून लावा.

तात्यांनी बाटली हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "डॉक्टरीणबाईला इचारू का आधी?"

मी हसले. अजून आठवतं मला ते हसणं. म्हटलं, "एका पिसवेपायी बारामतीला फोन? एवढ्या म्हशीला सोसतंय, त्याला काय धाड भरलीय? तात्या, तुमी म्हंजे आता कमालच करताय."

एवढा सावध माणूस, पण त्याला लाजवलं की तोही गप होतो. बाटली घेऊन गेले.

दुपारी हाक आली. ठिबकचं सगळं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळेची तार. मी आहे त्या लुगड्यात मोटरसायकलवर मागं बसले, पिल्लू पदरात. वरकुट्यापासून बारामती काही जवळ नाही. वाटेत तात्या एकदाच बोलले, "हलतंय न्हवं?" मी म्हटलं, हलतंय. त्या हलण्याला हलणं म्हणायचं का, मला ठाऊक नव्हतं.

बाईंनी धुतलं, सुई दिली, गुंडाळलं. अर्ध्या तासानं हात काढून घेतला.

मग विचारलं, काय लावलं होतं. तात्यांनी खिशातून बाटली काढली. बाईंनी वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला. जनावराचं औषध मांजराला विष असतं, म्हणाल्या, त्याच्या अंगाला ते सोसतच नाही, वरून ते स्वतःचं अंग चाटतं. कुत्र्याचंही लावायचं नाही. एवढ्या लहान पिल्लाला बारीक फणीनं विंचरायचं, बस. मला एक फोन का नाही केलात? हे कुणी दिलं तुम्हाला?

मी तिथंच उभी होते, पदर ओला.

तात्या म्हणाले, "म्याच दुकानातनं आणलं. न वाचता लावलं."

बाई खूप बोलल्या त्यांना. साऱ्या गावाला आधी काय करायचं ते शिकवणारा माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. मी ऐकत राहिले. येताना माझ्या पदरात ठिबक तसंच होतं, फक्त आता हलतंय का असं कुणी विचारलं नाही. बागेच्या कडेला तात्यांनी खड्डा घेतला. मफलर बरोबर ठेवली.

त्या वर्षी डाळिंबाच्या खोडांना लेप लागला नाही. लोक म्हणाले, तात्या थकले. घमेलं उपडं पडलं. पाच वाजता चहाला यायचे तेवढे चुकले नाहीत, पण कप ठेवायचे आणि जायचे. मी रोज ठरवायची, आज बोलते. रोज साखर विचारायची.

पाच-सहा महिन्यांनी भाच्याला सांगून मीच दुसरं पिल्लू आणवलं. करडं, अंगावर पट्टे. तात्यांच्या पुढं धरलं तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या वैनी. मी हात लावनार न्हाय."

लावला नाही. पण आमच्या पायरीवरचा मुक्काम वाढला. दोन हात लांब बसून नुसतं बघायचे. जंताच्या औषधाची तारीख त्यांना पाठ, द्यायची मी. माझी उवांची फणी त्यांनीच आठवणीनं मागून घेतली आणि पुन्हा माझ्याच हातात दिली, विंचरा म्हणून. काहीही झालं की बारामतीला फोन. पिल्लू शिंकलं, फोन. उन्हात झोपलं, चालेल का, फोन. डॉक्टरीणबाई आता त्यांचा आवाज ऐकला की आधी विचारतात, पिल्लू खातंय ना? खातंय म्हटलं की म्हणतात, मग तुम्हीही जेवा. पहिली लस आठव्या आठवड्यात झाली. मोटरसायकल तात्यांची, पिल्लू माझ्याकडं.

चार आठवड्यांनी दुसरी लस झाली, त्याच वेळी रेबीजचीही. दुसऱ्या दिवशी पिल्लू मलूल. पोत्यावर पडून राहिलं, खाईना. बाईंनी आधीच सांगितलं होतं, एखादा दिवस सुस्ती येते, घाबरू नका, लक्ष ठेवा. फोनवरही तेच म्हणाल्या. तात्या सकाळपासून पायरीवर. भाकरी वाढली तर नको. दोन्ही हात काखेत दाबून बसलेले, जणू हात सोडले की ते आपले आपण काहीतरी करून बसतील.

मला ते बघवेना. हातातलं धान्य निवडायचं सूप खाली ठेवलं आणि बोलले. म्हटलं, "तात्या, ते औषध माझं हुतं. तुमी फोन करत हुता, मीच हसले. तिथं बाईपुढं मी बोलाय पायजे हुतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "म्हाईत हाय की. बाटली मीच न्हेली न्हवं."

"मग माझं नाव का घेतलं न्हाय?"

त्यांनी पायांनी चपला चाचपल्या. मला वाटलं, उठून जातात आता.

"वैनी," ते म्हणाले, "कमल तिकडं. पोरगं तिकडं. दिसभरात मानसासंगं बोलायचं म्हनलं तर ही एक पायरी हाय. तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी लाजंनं दार लावून घेतलं असतं. मांजर तर गेलंच हुतं. पायरी बी घालवू?"

मी उठून आत गेले. चहा टाकायला गेले असं समजा. भांडं चुलीवर नुसतं तापत राहिलं, पाणी घालायचं सुचलं नाही.

थोड्या वेळानं बाहेरून अगदी हळू आवाज आला, "वैनी, पानी प्यायलं." मी दारात आले. पिल्लू पोत्यावरून उठलं होतं. वाटीपाशी गेलं, अंग ताणलं, आणि सरळ तात्यांच्या मांडीवर चढून गोल होऊन बसलं. तात्यांनी दोन्ही हात वर धरले, पीठ मळताना फोन वाजला की आपण धरतो ना, तसे. खाली आणले नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. तासभर तरी. मी म्हटलं, पाठीवरून फिरवा हात, काही होत नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. झोपलंय."

आजही तसंच आहे. पिल्लू त्यांच्या अंगावर, हात वर.

तेव्हा तुम्ही असं करा. तुमच्या पिल्लाला या आठवड्यात डॉक्टरकडं न्या, गोठ्यातलं, शेजारणीचं काही लावू नका, शेजारीण कितीही हसली तरी. आणि मग या इकडं. पिल्लाची लसीची वही घेऊन या, तात्यांना प्रत्येक तारीख विचारायची असते. कंटाळू नका, विचारू द्या. मी चहा ठेवते, ते पायरीवर असतीलच, त्यांच्या शेजारी दोघांना बसता येईल एवढी जागा आहे. एकटी मी त्यांना किती पुरणार? लवकर या.