जैवकणांचा मूळ रहिवास

डॉ. वृषाली निंबाळकर बारामतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात हवा मोजत. हवा म्हणजे हवेतले जीव: परागकण, बुरशीचे बीजाणू, डोळ्यांना न दिसणारं सगळं उडतं जग. अकरा वर्षं त्यांनी हे काम निष्ठेनं केलं आणि अकरा वर्षांत त्याबद्दल त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. नवरा यशराज तेवढा विचारायचा, "आपल्या पंख्यावरची धूळ कधी मोजणार?"

त्यांची यंत्रं दोन होती. एक महाविद्यालयाच्या गच्चीवर, दुसरं इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याला, सारजाबाईंच्या द्राक्षबागेत. यंत्र हवा ओढून घेई, आतल्या चिकट पट्टीवर कण बसत, आणि वृषालीबाई ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. सारजाबाईंच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता दीड एकर बाग होती. यंत्राला वीज देताना त्यांनी एकच अट घातली होती. "डाऊनीची बुरशी हवेत दिसली की आधी मला सांगायचं. मग तुमी कायबी मोजा." दरवर्षी वृषालीबाई फोन करत, सारजाबाई वेळेत फवारणी करत आणि बाग वाचे. या प्रकाराला शास्त्रीय नाव नसल्यामुळे तो कुठल्याही अहवालात आला नाही.

बिघडलं ते दोन्ही तालुक्यांच्या एका संयुक्त बैठकीत. वृषालीबाईंना बोलायला पाच मिनिटं मिळाली होती. चौथ्या मिनिटाला अर्धं सभागृह पेंगत असताना त्या म्हणाल्या, "हे कण वर जातात, त्यांच्याभोवती बाष्प जमतं आणि ढग तयार होतात." शास्त्रात या वाक्यात 'काही प्रमाणात' आणि 'विशिष्ट परिस्थितीत' असे शब्द असतात. पण माणसं पहिल्यांदाच जागी झालेली बघून बाईंनी ते गिळून टाकले.

"म्हणजे हे पावसाचं बी हाय म्हणा की," अध्यक्ष शंभूराज म्हणाले.

"तसं म्हणता येईल," बाई म्हणाल्या. तसं म्हणता येत नव्हतं.

लगेच इंदापूरकडचे एक गृहस्थ उठले. "बी आमच्या लासुर्ण्यातून उडायचं, अन् ढग तुमच्या बारामतीकडच्या पिंपळीवर रिकामा व्हायचा, असं किती दिवस चाललंय हे?"

प्रश्न रास्त असल्याचं सर्वांनी मान्य केलं. त्याच बैठकीत आंतरतालुका जैवकण समन्वय समिती स्थापन झाली आणि वृषालीबाई तिच्या सदस्य-सचिव झाल्या. त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, पाठीला टॉवेल लावलेली खुर्ची मिळाली आणि दारावर नावाची पाटी लागली. पाटीचा फोटो त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा टाकला. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा चुकून गेल्याचं त्या आजही सांगतात.

समितीनं सापडणाऱ्या प्रत्येक कणाचा तक्ता मागवला. मूळ गाव, उड्डाणाची तारीख, स्थलांतराचं कारण. वृषालीबाईंनी नम्रपणे सांगितलं, की बीजाणूचं मूळ गाव कळत नाही. त्यावर ठराव झाला, की ज्या तालुक्यात सलग सहा महिने वास्तव्य असेल, त्या तालुक्याचा तो रहिवासी समजावा. बहुतेक बीजाणू काही दिवसांतच मरतात, हेही त्यांनी सांगितलं. मयत कणांसाठी वेगळा रकाना करण्यात आला.

शेवटी परिपत्रक निघालं. रहिवास निश्चित होईपर्यंत कणांची कोणतीही माहिती कोणत्याही व्यक्तीस देऊ नये. खाली सही होती सदस्य-सचिवांची. मसुदाही त्यांचाच होता. त्यातला 'कोणतीही... कोणत्याही' हा जोर त्यांना विशेष आवडला होता.

बागेची छाटणी होऊन घड दिसू लागले आणि पाठोपाठ अवकाळी पाऊस झाला. गुरुवारी वृषालीबाईंनी लासुर्ण्याची पट्टी तपासली. एरवी डाऊनीचे दहा-बारा बीजाणू असत. आज तीनशे चाळीस होते. त्यांनी पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

संध्याकाळी सारजाबाईंचाच फोन आला. "म्याडम, दोन दिस आभाळ हाय. काय म्हणतीया हवा?"

वृषालीबाईंच्या तोंडात 'उद्याच फवारा' हे दोन शब्द आले होते. समोर भिंतीवर परिपत्रक होतं, चौकटीत लावलेलं. "माहिती विचाराधीन आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी बैठक आहे."

"बुरशी थांबंल का सोमवारपत्तुर?"

"तसं काही मला सांगता येणार नाही."

"बरं," सारजाबाई म्हणाल्या. बाईंनी 'फवारा' म्हटलं नाही म्हणजे बुरशी आली नाही, एवढंच अकरा वर्षांत त्यांना ठाऊक झालं होतं. म्हणून त्यांनी औषध कालवलं नाही.

सोमवारी गणसंख्या भरली नाही. त्यापुढच्या सोमवारी भरली, तेव्हा वृषालीबाई लासुर्ण्याला होत्या. बागेत घड तपकिरी होऊन वाळले होते आणि सारजाबाई ते एकेक कापून पाटीत टाकत होत्या. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि आधी चहा टाकला.

"तुमी आकडा बरोबर काढला व्हता न्हवं?" कप पुढं करत त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुमचं काय चुकलं न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, आणि वृषालीबाईंना तेच सोसवेना. त्यांना तो चहा संपवता आला नाही.

त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि सोबत सगळी हकीकत लिहून जोडली: गिळलेले शब्द, आवडलेला मसुदा, गुरुवारचा आकडा, न सांगितलेली फवारणी. निवेदन त्रेचाळीस कार्यालयांत फिरलं. परत आलं तेव्हा समासात त्रेचाळीस सह्या होत्या आणि प्रत्येक सहीवर एकच शेरा होता, 'वाचले'. काहींनी 'फार हृदयस्पर्शी' असंही लिहिलं होतं. लासुर्ण्याला मात्र कुणी गेलं नव्हतं.

हे त्याच निवेदनाचं सोपं रूप आहे. आता आपणही वाचलं आहे. खाली सहीपुरती जागा सोडली आहे.